घटक ३ : जकात आणि सदका – इस्लाममधील सक्तीचे आणि ऐच्छिक दान

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर जकात आणि सदका या दोन संकल्पनांमधील भेद आपल्याला स्वतःच्या शब्दांत मांडता येईल. जकात कोणत्या संपत्तीवर, किती प्रमाणात आणि कोणासाठी निघते, याचा हिशेब उदाहरण घेऊन करता येईल. आणि या दोन्ही शब्दांसाठी मराठीत सरसकट ‘दान’ हा शब्द वापरला की काय निसटते, हेही सांगता येईल.

३.१ प्रास्ताविक

मराठी वाचकाला ‘जकात’ हा शब्द नवा नाही. शहराच्या वेशीवरचा जकात नाका आणि तेथे खोळंबलेली मालमोटारींची रांग हे दृश्य मुंबईत १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत नित्याचे होते. त्याआधी साडेतीन शतके, १६७१ मध्ये, छत्रपती शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला पत्र लिहून बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवण्यास सांगितले. कोकणातल्या मिठागरांचा व्यापार टिकावा, हा त्यामागचा हेतू. म्हणजे मराठीत जकात हा व्यापारी मालावरील कर आहे आणि त्याला धर्माचा गंधही उरलेला नाही.

अरबीत मात्र हा शब्द उपासनेचा आहे. ज्या धातूपासून तो बनला, त्याचे दोन अर्थ होतात : शुद्ध होणे आणि वाढणे. इस्लामच्या पाच स्तंभांपैकी श्रद्धेचा उच्चार आणि नमाज यांच्यानंतर जकातीचा क्रम लावला जातो. मग उपासनेचा शब्द नाक्यावर कसा आला? प्रारंभीच्या खिलाफतीत, दुसरे खलिफा उमर यांच्या काळापासून, व्यापारी मार्गांवर अधिकारी बसवलेले असत. मुसलमान व्यापाऱ्याकडून ते त्याच्या मालावरील जकात वाटेतच वसूल करीत आणि इतरांकडून वेगळ्या दराने कर घेत. फारसीच्या वाटेने हा शब्द भारतीय राज्यकारभारात आला, तेव्हा त्यातील नाका शिल्लक राहिला आणि उपासना मागे पडली.

असेच आणखी दोन शब्द आपल्या ओळखीचे आहेत. ‘खैरात’ म्हणजे मुळात सत्कृत्ये. मराठीत आपण ‘खैरात वाटली’ असे म्हणतो, तेव्हा उधळपट्टीचा किंवा फुकटेपणाचा ठपका ठेवत असतो. दुसरा शब्द ‘हक्क’. हा अरबीतून आला आणि अर्थ फारसा न बदलता आपल्याकडे रुळला. या घटकाचा गाभा याच शब्दात आहे. जकात ही इस्लामच्या दृष्टीने देणाऱ्याने केलेली खैरात नव्हे. ती घेणाऱ्याचा हक्क आहे. हा फरक ध्यानात राहिला, तर पुढचे नियम रुक्ष वाटणार नाहीत.

३.२ मालमत्तेतील दुसऱ्याचा हक्क

कुराणात नमाज आणि जकात यांचा उल्लेख अनेक ठिकाणी जोडीने येतो. एकीचे नाते ईश्वराशी आणि दुसरीचे माणसांशी, अशी विभागणी आपल्याला सुचेल. परंतु इस्लामी विचारात दोन्ही उपासनाच आहेत. ५१व्या आणि ७०व्या सूरांत श्रद्धावंतांचे वर्णन करताना त्यांच्या मालमत्तेत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क असतो, असे म्हटले आहे. ७०व्या सूरेत हा हक्क ‘ठरलेला’ असल्याचेही सांगितले आहे. मागणाऱ्याबरोबर येथे न मागणाऱ्या वंचिताचाही उल्लेख आहे, याकडे लक्ष द्यावे. हात पसरणे ही हक्काची अट नाही.

मराठीत ‘दाता’, ‘दानशूर’, ‘दानवीर’ हे सारे गौरवाचे शब्द देणाऱ्याच्या वाट्याला आले आहेत. जकात देणाऱ्याला यांपैकी एकही शब्द नीट बसत नाही. दुसऱ्याची ठेव आपल्याकडे होती, ती वेळेवर परत केली, असे त्याचे स्वरूप आहे. ठेव परत करणाऱ्याला आपण प्रामाणिक म्हणतो, उदार म्हणत नाही.

परंपरेनुसार मदीनेत हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इ. स. ६२४च्या सुमारास, जकात बंधनकारक झाली. तिचे महत्त्व किती होते, हे प्रेषित मुहम्मद यांच्या निधनानंतर, ६३२ मध्ये, दिसून आले. अनेक अरब टोळ्यांनी, ‘नमाज पढू, पण जकात मदीनेला पाठवणार नाही,’ अशी भूमिका घेतली. पहिले खलिफा अबू बक्र यांनी त्यांच्याविरुद्ध लढण्याचा निर्णय घेतला. पुढे दुसरे खलिफा झालेल्या उमर यांना आरंभी हा निर्णय पटला नव्हता. श्रद्धेचा उच्चार करणाऱ्यांवर शस्त्र कसे उचलावे, हा त्यांचा प्रश्न होता. जो नमाज आणि जकात यांच्यात भेद करील, त्याच्याशी मी लढेन, या आशयाचे उत्तर अबू बक्र यांनी दिले. या युद्धांमागे राज्य टिकवण्याचे कारणही होते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये. तरीही वाद दारिद्र्यनिवारणाच्या देण्यावरून पेटावा, ही गोष्ट धर्मांच्या इतिहासात विरळा म्हणावी लागेल.

३.३ निसाब : देणारा कोण, घेणारा कोण?

जकात प्रत्येकावर लागू होत नाही. त्यासाठी संपत्तीची एक किमान मर्यादा ठरलेली आहे. तिला ‘निसाब’ म्हणतात. या मर्यादेइतकी किंवा तिच्याहून अधिक संपत्ती एक पूर्ण चांद्रवर्ष मालकीची राहिली, तर जकात द्यावी लागते. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. म्हणून आपल्या नेहमीच्या दिनदर्शिकेत जकातीची तारीख दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते. सोयीसाठी अनेक जण रमजानमध्ये हिशेब करतात.

राहते घर, अंगावरचे कपडे, घरातली भांडीकुंडी आणि व्यवसायाची अवजारे यांवर जकात नाही. शिंप्याच्या शिलाई यंत्राची किंमत हिशेबात धरायची नाही. कापडाच्या दुकानात विक्रीसाठी ठेवलेल्या ठाणांची मात्र धरायची. सोने, चांदी, रोकड आणि व्यापारी माल यांवरील दर चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के आहे. शेतीचा हिशेब निराळा : पावसाच्या पाण्यावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, आणि कष्टाने किंवा खर्चाने पाणी दिलेल्या पिकाचा विसावा. तेथे वर्षाची वाट पाहायची नसते, कापणीच्या वेळीच हिस्सा निघतो. शेतकऱ्याचे श्रम वाढले की त्याचे देणे निम्मे होते, हे तत्त्व आपल्याकडच्या जिरायत-बागायत भेदाच्या नेमके उलट वाटेल. आपल्याकडे बागायतीवर सारा अधिक असे, कारण तेथे उत्पन्न मोजले जाई. येथे कष्टही मोजले जातात. गुरांसाठी स्वतंत्र कोष्टके आहेत : ४० शेळ्यामेंढ्यांमागे एक, ३० गाईंमागे वर्षाचे एक वासरू, ५ उंटांमागे एक शेळी. त्यांच्या तपशिलात शिरण्याचे येथे कारण नाही.

खरी अडचण सोन्या-चांदीची आहे. प्रेषितांच्या काळात निसाब दोन प्रकारे सांगितला गेला : सोन्याचे २० दीनार किंवा चांदीचे २०० दिरहम. तेव्हा एक दीनार साधारण दहा दिरहमांच्या बरोबरीचा होता, म्हणून दोन्ही मापे एकाच मूल्यावर येत. भारतात ही मापे साडेसात तोळे सोने (८७.४८ ग्रॅम) आणि साडेबावन्न तोळे चांदी (६१२.३६ ग्रॅम) अशी रूढ आहेत. पुढे चांदी सोन्याच्या तुलनेत फार स्वस्त झाली आणि एकाच उंबरठ्याचे दोन उंबरठे झाले.

उदाहरण घेऊ. समजा, सोन्याचा भाव ग्रॅमला ७,००० रुपये आणि चांदीचा ९० रुपये आहे. सोन्याचा निसाब ६,१२,३६० रुपये होतो, तर चांदीचा सुमारे ५५,११२ रुपये. दोहोंमध्ये अकरा पटींचे अंतर आहे. आता एका विधवा स्त्रीची स्थिती पाहा. तिच्याकडे दोन तोळ्यांचे दागिने आणि ५,००० रुपये रोख आहेत. दुसरे काही नाही. दागिन्यांची किंमत १,६३,२९६ रुपये. रोकड धरून एकूण १,६८,२९६. केवळ सोने असते, तर ते साडेसात तोळ्यांपेक्षा कमी म्हणून जकात लागली नसती. परंतु सोन्याबरोबर रोकड असली, की हनफी मतानुसार दोन्हींची किंमत एकत्र करतात, आणि भारतातले बहुतेक हनफी उलेमा अशा मिश्र संपत्तीला चांदीचा निसाब लावतात. त्यामुळे या स्त्रीवर सुमारे ४,२०७ रुपयांची जकात येते. एवढ्यावर भागत नाही : जी निसाबाची मालक, ती जकात घेण्यास अपात्र. म्हणजे तिला जकात द्यावी लागते आणि घेताही येत नाही.

हीच स्त्री रत्नागिरीच्या किंवा रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या कोकणी मुस्लिम कुटुंबातली असेल, तर उत्तर बदलते. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई विचारशाखेचे आहेत. दख्खनच्या पठारावरचे मुसलमान बहुतांशी हनफी. शाफई मतात स्त्रीच्या नित्य वापरातील, रूढीला धरून असलेल्या दागिन्यांवर जकात नाही. उरलेले ५,००० रुपये कोणत्याही निसाबाच्या खालीच राहतात. घाटावर देणारी ठरलेली स्त्री घाट उतरली की देणेकरी राहत नाही.

चांदीचा निसाब धरणाऱ्यांचे म्हणणे असे, की उंबरठा खाली असेल तर देणारे वाढतात आणि त्यात गरिबांचाच लाभ आहे. सोन्याचा निसाब धरावा असे म्हणणारे विद्वान विचारतात, की आजच्या काळात पंचावन्न हजार रुपये बाळगणाऱ्याला श्रीमंत कसे म्हणावे? दोन्ही बाजूंना शास्त्राधार आहे. तथापि, गरिबांच्या लाभासाठी खाली आणलेला उंबरठा गरिबालाच देणेकऱ्यांच्या रांगेत उभा करू लागला, तर त्यामागचे कारणच उलटते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. विद्यार्थ्यांनी आपले मत स्वतंत्रपणे बनवावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न १ : एका किराणा दुकानदाराकडे ३,००,००० रुपयांचा विक्रीचा माल, ६०,००० रुपये रोख आणि ८०,००० रुपयांचे लगेच फेडायचे कर्ज आहे. हनफी मतात असे कर्ज वजा केले जाते. वरील भावांनुसार चांदीचा आणि सोन्याचा असे दोन्ही निसाब लावून त्याची जकात काढा.

३.४ जकातीचे मानकरी

जकात कोणाला द्यावी, हे देणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नाही. कुराणाच्या ९व्या सूरेतील ६०व्या आयतीत आठ वर्ग सांगितले आहेत : फकीर, मिस्कीन, जकात गोळा करणारे सेवक, ज्यांची मने जोडून घ्यायची आहेत असे लोक, गुलामगिरीतून सुटू पाहणारे, कर्जात बुडालेले, ईश्वराच्या मार्गात झटणारे आणि वाटसरू.

मराठीत फकीर म्हटले की कफनी आणि कटोरा डोळ्यांसमोर येतो. येथे मात्र फकीर म्हणजे संसारी गरीब. फकीर आणि मिस्कीन यांतला अधिक गरजू कोण, याविषयी विचारशाखांत मतभेद आहेत. वाटसरूची तरतूद विशेष लक्षणीय आहे. घरी सधन असलेला माणूसही परमुलखात पैशाविना अडकला, तर तेवढ्यापुरता तो जकातीचा हक्कदार होतो. गरिबी ही माणसाची जात नव्हे, अवस्था आहे, हे त्यामागचे भान. कर्जदाराचा वर्ग वाचताना महाराष्ट्रातील वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. आणि जकात गोळा करणाऱ्याचे वेतन जकातीतूनच निघते. कारभाराला खर्च येतो, हे कुराणाने लपवलेले नाही.

आई-वडील, आजी-आजोबा, मुले व नातवंडे यांना आपली जकात देता येत नाही, कारण त्यांचे पोषण हे तसेही आपले कर्तव्य आहे. गरजू भाऊ, बहीण, मावशी, काका यांना देता येते. उलट, त्यात दानाबरोबर नातेही राखले जाते म्हणून ते अधिक चांगले मानतात. प्रेषितांच्या कुळातील वंशजांना, म्हणजे सय्यदांना, जकात वर्ज्य आहे. मुसलमानेतरांना जकात देता येत नाही, असे बहुतांश शास्त्रकारांचे मत आहे. सदका मात्र सर्वांना खुला आहे.

हनफी शास्त्रात आणखी एक महत्त्वाची अट आहे : जकातीची रक्कम किंवा वस्तू गरजूच्या पूर्ण मालकीची झाली पाहिजे. या तत्त्वाला ‘तमलीक’ म्हणतात. जकातीतून मशीद बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, प्रेताचे कफनही घेता येत नाही. कारण यांपैकी कशातही कोणी गरीब ‘मालक’ होत नाही. वरवर ही अट कठोर वाटते. परंतु तिच्यामुळे गरिबाचा पैसा इमारतींत गडप होण्यापासून वाचतो आणि त्याचा विनियोग कसा करावा, हे ठरवण्याचा अधिकार गरिबाकडे राहतो.

नियम आला की पळवाटही येते. वर्ष पुरे होण्याच्या आदल्या दिवशी संपत्ती पत्नीच्या नावे करायची आणि नंतर ती परत घ्यायची, अशा युक्त्यांची चर्चा जुन्या ग्रंथांत आढळते. मालिकी आणि हंबली शाखांच्या मते चुकवण्याच्या हेतूने असे केले, तर जकात माफ होत नाही.

३.५ वसुली कोणी करावी?

प्रेषितांनी मुआज बिन जबल यांना येमेनला पाठवताना दिलेली सूचना प्रसिद्ध आहे : तेथील श्रीमंतांकडून जकात घेऊन तेथीलच गरिबांत वाटावी, वसुलीत लोकांची उत्तमोत्तम जनावरे निवडून घेऊ नयेत आणि पीडिताच्या हाकेला भ्यावे. गरिबाचा हक्क वसूल करतानाही देणाऱ्यावर जुलूम होता कामा नये, ही दक्षता त्यात आहे.

तिसरे खलिफा उस्मान यांच्या काळापासून पिके व गुरे यांसारख्या उघड संपत्तीची जकात राज्य घेत राहिले. सोने, रोकड यांसारख्या झाकलेल्या संपत्तीची जकात मालकाच्या सचोटीवर सोपवण्यात आली. आधुनिक काळात पाकिस्तानने १९८० मध्ये बँकेतील बचत खात्यांतून जकात परस्पर कापण्याचा कायदा केला. शिया पंथीयांनी इस्लामाबादेत मोठे आंदोलन केले, कारण त्यांचे जकातविषयक नियम निराळे आहेत. त्यांना सूट द्यावी लागली. कपातीच्या दिवसापूर्वी खात्यातून पैसे काढून घेण्याची प्रथाही तेथे पडली. भारतात राज्याचा या बाबतीत काही संबंध नाही. जकात येथे सर्वस्वी व्यक्तीच्या विवेकावर चालते. न दिल्यास विचारणारे कोणी नाही.

३.६ सदका : मोजमापापलीकडचे देणे

‘सदका’ हा शब्द सत्य या अर्थाच्या अरबी धातूपासून येतो. श्रद्धा खरी असल्याची ती साक्ष, असा अर्थ भाष्यकार लावतात. सदक्याला निसाब नाही, दर नाही, तारीख नाही. ज्याच्याकडे काही नाही, तोही सदका देऊ शकतो. वाटेतला काटा-दगड बाजूला करणे, समोरच्याकडे हसतमुखाने पाहणे हाही सदका आहे, असे हदीसमध्ये सांगितले आहे.

मदीनेत दानाचे आवाहन झाले, तेव्हा दिवसभर हमाली करून मिळवलेल्या खजुरांपैकी ओंजळभर खजूर काही मजुरांनी आणून दिले. ढोंगी लोकांनी त्यांची टवाळी केली : एवढ्याशा खजुरांची ईश्वराला काय गरज! जास्त आणणाऱ्याला मात्र त्यांनीच दिखाऊ ठरवले. कुराणाने ९व्या सूरेत या टवाळखोरांची कठोर निर्भर्त्सना केली आहे. निसाबाने ज्यांना ‘देणारे’ या वर्गातून वगळले, त्यांना देण्याची प्रतिष्ठा सदक्याने मिळवून दिली. जकातीच्या नियमांत श्रीमंत आणि गरीब समोरासमोर उभे असतात. सदक्यात ही ओळ पुसली जाते.

या दोहोंच्या सीमेवर ‘सदका-ए-फित्र’ आहे. नाव सदक्याचे, पण तो बंधनकारक आहे. रमजान ईदच्या नमाजापूर्वी कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या आणि लहान मुलांच्या, अगदी तान्ह्या बाळाच्याही नावाने धान्याचे ठरलेले माप किंवा, हनफी मतात, त्याची किंमत गरिबाला द्यायची असते. ईदच्या दिवशी कोणाचीही चूल थंड राहू नये, हा त्यामागचा साधा हेतू.

जकात तमलीकमुळे जेथे पोहोचू शकत नाही, तेथे सदका पोहोचतो. मृत्यूनंतरही ज्याचे पुण्य चालू राहते, त्या दानाला ‘सदका-ए-जारिया’, म्हणजे वाहता सदका म्हणतात. विहीर, धर्मशाळा, शाळा, दवाखाना ही त्याची रूपे होत. मदीनेतील रूमा नावाची विहीर उस्मान यांनी विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. खैबरची जमीन उमर यांनी विकता येणार नाही, अशा अटीने लोकांच्या उपयोगासाठी बांधून दिली. वक्फ संस्थेचे मूळ अशा दानांत आहे. भारतात पुढच्या काळात वक्फ मालमत्तांसाठी कायदे करावे लागले. त्यांचा विचार दुसऱ्या घटकात केला आहे.

सदक्याला वरची मर्यादा नाही, परंतु तारतम्य आहे. आजारपणात आपली सारी संपत्ती दान करू इच्छिणाऱ्या साद बिन अबी वक्कास यांना प्रेषितांनी एक तृतीयांशावर थांबवले, तेही पुष्कळ आहे असे सांगून. वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत ठेवून जाणे बरे. मृत्युपत्रातील एक तृतीयांशाचा इस्लामी नियम यातूनच आला.

स्वयं-अध्ययन प्रश्न २ : ‘पुण्य’, ‘दानधर्म’ आणि ‘खैरात’ या तीन शब्दांपैकी ‘सदका’ या संकल्पनेच्या सर्वांत जवळ कोणता? कारणे द्या.

३.७ देण्याची रीत

कुराणाच्या २ऱ्या सूरेत दानाच्या रीतीविषयी सलग विवेचन आहे. दिल्यानंतर उपकाराची आठवण करून देणाऱ्याचे किंवा मन दुखावणाऱ्याचे दान व्यर्थ जाते. दुखावणाऱ्या दानापेक्षा गोड शब्द आणि क्षमा बरी. जे स्वतःला कोणी दिले तर आपण डोळे मिटून घेऊ, असे टाकाऊ दुसऱ्याला देऊ नये. उघड दिलेलेही चांगले, पण गुप्तपणे गरिबाच्या हाती पोहोचवलेले अधिक चांगले. अकराव्या-बाराव्या शतकातील विचारवंत इमाम गझाली यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’ या ग्रंथात जकातीच्या आंतरिक शिस्तीवर स्वतंत्र भाग लिहिला आहे. त्यांचे प्रतिपादन असे, की उपकारकर्ता खरे तर घेणारा आहे. तो स्वीकारतो म्हणून देणारा आपल्या ऋणातून मोकळा होतो.

या कसोटीवर प्रत्यक्ष व्यवहार पाहिला, की अंतर जाणवते. बांगलादेशात रमजानच्या दिवसांत ‘जकातीच्या साड्या’ म्हणून हलक्या प्रतीच्या साड्यांचा वेगळा बाजार भरतो. विकत घेणारा त्या स्वतःच्या घरात कधी नेसू देणार नाही. जुलै २०१५ मध्ये मैमनसिंग शहरात एका कारखानदाराच्या फाटकापाशी अशाच कपड्यांच्या वाटपासाठी पहाटे गर्दी लोटली आणि चेंगराचेंगरीत वीसहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. शास्त्राच्या भाषेत त्या स्त्रिया त्या कपड्यांच्या हक्कदार होत्या. फाटकाबाहेर त्यांना पहाटेच्या अंधारात ताटकळत उभे राहावे लागले, ते याचकांप्रमाणे.

स्वाध्याय

१. ‘जकात हे दान नव्हे, देणे आहे.’ या विधानाचे निसाब, मानकरी आणि तमलीक यांच्या आधारे परीक्षण करा.

२. प्रकरण ३.३ मधील विधवा स्त्रीच्या उदाहरणात आपण न्यायकर्ते असता, तर कोणता निसाब लावला असता? विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद आधी मांडा, मग आपले उत्तर लिहा.

३. आपल्या गावात किंवा वस्तीत कोणत्याही धर्माच्या वतीने होणाऱ्या एखाद्या धान्य, वस्त्र किंवा पैशाच्या वाटपाचे निरीक्षण करा. घेणाऱ्यांना किती वेळ थांबावे लागले, त्यांची नावे जाहीर झाली का, छायाचित्रे काढली गेली का, दिलेली वस्तू कोणत्या प्रतीची होती, याच्या नोंदी करून ३०० शब्दांत अहवाल लिहा.